गव्हाचं सोवळं

माझ्यासमोर दोन पुडे आहेत. पहिल्यावर ठळक हिरव्या अक्षरांत ‘ग्लुटेन-फ्री’ असं छापलंय आणि शेजारी गव्हाच्या ओंबीवर फुली मारली आहे. पुडा उलटा केला की खालच्या शिवणीजवळ, जिथे बोट लागून शाई पुसली जाते नेमकी तिथे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत दुसरं वाक्य सापडतं: हे जिथे तयार होतं त्याच कारखान्यात गव्हावरही प्रक्रिया होते, गव्हाचा अंश असू शकतो. पुडा एकच आणि बाजू दोन. पुढची बाजू छातीठोकपणे म्हणते ‘नाही’, मागची पुटपुटते ‘असेलही’. कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला तर वकिलाला दुसरा प्रश्न विचारायची गरज पडेल का? पण बाजारात हाच साक्षीदार साध्या पिठाच्या तिप्पट भाव घेतो.

दुसरा पुडा नाचणीच्या बिस्किटांचा. चित्रात नाचणीची कणसं आहेत, कणसांमागे डोंगर आहे, डोंगरामागे सूर्य उगवतोय. दुकानदाराने तो ‘ग्लुटेन-फ्री’च्या फळीवर मांडला होता. मागची यादी वाचा. पहिला घटक मैदा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे या बिस्किटाचा यजमान मैदा आहे आणि नाचणी चहाला आलेली पाहुणी. मी दुकानदाराला यादी दाखवली. तो म्हणाला, “मॅडम, नाचणी आहे ना, मग ग्लुटेन-फ्रीच झालं.” दुधात पाणी घातलं की दूध पाणी होतं हे त्याला कळतं. नाचणीत मैदा घातला की काय होतं, हे मात्र त्याला मी समजावून सांगायचं!

मी हे वाचत बसते कारण मला वाचावं लागतं. माझी लेक सहा वर्षांची असताना तिची उंची वाढायची थांबली. हिमोग्लोबिन आठच्या घरात, लोहाच्या गोळ्यांनी तसूभर हलेना. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या. दोन वर्षं आम्हाला ‘जंत असतील’, ‘नीट जेवत नाही’, ‘आई फार लाडावते’ अशी निदानं ऐकावी लागली. शेवटी एका पोटविकारतज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करवली, मग दुर्बीण घालून लहान आतड्याचे तुकडे तपासले, आणि दोन वर्षांच्या गोंधळाला नाव मिळालं: सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन या माणसांच्या पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते आणि स्वतःच्याच आतड्यावर तुटून पडते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, ते झिजून सपाट होतात. मग अन्न खाल्लं जातं पण अंगी लागत नाही. आपल्या आज्यांचा हा शब्दप्रयोग या आजाराचं जितकं अचूक वर्णन करतो तितकं कुठल्याही वैद्यकीय पुस्तकाने केलेलं मी वाचलेलं नाही.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. ग्लुटेन बंद, एवढाच उपचार. आयुष्यभर आणि पूर्ण.

‘हे सगळं परदेशातलं फॅड’ असं म्हणणाऱ्यांची गाठ रोज पडते, म्हणून एक आकडा इथेच ठेवते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ९६ माणसांमागे एकाला हा आजार सापडला होता. यातल्या बहुतेकांना आपल्याला काय झालंय हे ठाऊकही नव्हतं. दिल्ली परदेशात आहे का?

घरातून गहू गेला. कणीक, रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, टोस्ट, सगळं गेलं. पोळपाट-लाटणं नवीन आणलं. लेक भाकरी, भात, तांदळाची धिरडी खाऊ लागली आणि पहिल्या सहा महिन्यांत तिचा टीटीजी निम्म्याने उतरला. मग अडकला. वर्ष झालं तरी जागचा हलेना. ॲनिमिया परत डोकावू लागला. डॉक्टर म्हणाले, “कुठून तरी जातंय.” मी म्हटलं, घरात गव्हाचा दाणा नाही. ते म्हणाले, “दाणा नाही हो, पण पीठ?”

इथून माझा शोध सुरू झाला, आणि त्यातला पहिला धागा सापडला नवरात्रात. सासूबाईंचे नऊ दिवस उपवास असतात. लेकीला आजीच्या ताटातलं जेवायची हौस. तिने नऊ दिवस वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचं थालीपीठ, शिंगाड्याचा शिरा असं खाल्लं आणि आठव्या दिवशी स्वतःच म्हणाली, “आई, माझं पोट दुखत नाहीये.” दसऱ्याला घरचा स्वयंपाक सुरू झाला आणि चार दिवसांत पोट परत दुखायला लागलं.

हा प्रकार वैद्यकाच्या इतिहासात एकदा घडून गेलाय. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला महायुद्धाआधीपासूनच संशय होता की या मुलांना पाव बाधतो. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, माणसं उपाशी पडली, आणि त्याची सीलिॲकची मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली. १९५० साली त्याने उट्रेख्टच्या विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला. त्याला उत्तर मिळायला दुष्काळ यावा लागला. मला नवरात्र पुरलं. प्रश्न एवढाच उरला की उपवासाच्या स्वयंपाकात जे नसतं आणि रोजच्या स्वयंपाकात असतं, असं काय?

तुमच्यातल्या जाणत्या बायकांनी एव्हाना उत्तर दिलं असेल. हिंग.

हिंगाची डबी मी आयुष्यात पहिल्यांदा उलटी करून वाचली. गव्हाचं पीठ, डिंक, आणि मग हिंग. यात फसवणूक नाही, भेसळही नाही. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येणारा हिंगाचा अस्सल चीक इतका उग्र असतो की तो थेट वापरता येत नाही, म्हणून त्याला पिठात आणि डिंकात मुरवतात. नियमांत त्याला बांधणी हिंग म्हणतात. त्यात खाद्य स्टार्च किंवा धान्याचं पीठ चालतं, आणि अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क किमान पाच टक्के भरला की झालं. पाच टक्के! म्हणजे आपण पिढ्यानपिढ्या ज्याला हिंग म्हणून आमटीत टाकतो, त्या डबीत मोठा वाटा हिंगाच्या नावाने राहणाऱ्या भाडेकरूंचा असतो. खडा हिंग घेतला म्हणजे सुटलो असं समजू नका. बहुतेक खडे याच पीठ-डिंकाचे, फक्त दळायच्या आधीचे.

बाजारातल्या एका हिंगवाल्यांच्या ग्राहकसेवेला मी फोन लावला. तुमच्या हिंगात गहू किती? “मॅडम, आमचं उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे.” गहूही नैसर्गिक आहे, मी विचारलं किती आहे. “मॅडम, आमचं उत्पादन शंभर टक्के शाकाहारी आहे.” अहो, गहू मांसाहारी असतो असं मी म्हटलंय का? “मॅडम, ही आमची पारंपरिक रेसिपी आहे.” नैसर्गिक, शाकाहारी, पारंपरिक! तीन विशेषणं मिळाली. टक्केवारी मिळाली नाही.

आणि मग मेतकूट. हे लिहिताना मला अजून त्रास होतो. मेतकुटात हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि गहू भाजून घालतात, वर हिंग. पोट बिघडलं की मराठी आई काय करते? मऊ भात, तूप, मेतकूट. लेकीचं पोट दुखलं की मी तिला गहू भरवत होते, वरून मीठ पुरेसं आहे ना हे विचारत. थालिपिठाच्या भाजणीत गहू. साधारण प्रत्येक घरात. चकलीची भाजणी घरोघरी वेगळी, त्यामुळे शेजारणीची चकली म्हणजे प्रत्येक वेळी नवा प्रश्न. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण चवीला जवाचं माल्ट. दुधात घालायच्या ‘शक्तिवर्धक’ पावडरीत माल्ट. सोया सॉसचं नाव सोयाबीनचं आणि आंबवताना निम्मी भागीदारी गव्हाची. आजीच्या बटव्यातली हिंगाची गोळी, तिच्यात कुठला हिंग? प्रश्न विचारला की बटवा रागावतो.

पण हिशेब प्रामाणिकपणे करू या. चार माणसांच्या आमटीत पाव ग्रॅम हिंग. त्यात अर्धं गव्हाचं पीठ धरलं, आणि गव्हाच्या पिठात वजनाच्या साधारण आठ टक्के ग्लुटेन असतं असं धरलं, तर अख्ख्या आमटीत दहा मिलिग्रॅम. लेकीच्या वाटणीला अडीच. भाजी, आमटी, कोशिंबीर, ताक असं दिवसभरात धरलं तरी दहाच्या आसपास. काटासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पथ्य पाळणाऱ्या सीलिॲकच्या माणसांना तीन महिने रोज मोजून ग्लुटेन दिलं. रोज पन्नास मिलिग्रॅम ज्यांना मिळालं त्यांचं आतडं खराब झालं. हिंग एकटा पन्नासपर्यंत पोचत नाही. म्हणजे हिंग चोर होता, पण दरोडेखोर दुसरा कोणी होता.

दरोडेखोर कोपऱ्यावर होता. मी स्वतः दर शनिवारी त्याच्याकडे जात होते, डोक्यावरून डबा घेऊन.

पिठाची गिरणी! आमच्या आधी एका काकूंचं दहा किलो गव्हाचं दळण, मग आमची पाच किलो ज्वारी. काका मशीन बंदही करत नाहीत. वरून ज्वारी पडते, खालून आधी काकूंचा उरलेला गहू येतो, मग आमची ज्वारी, सगळं आमच्याच डब्यात. दोन दगडांच्या मध्ये, नळीला बांधलेल्या कापडात, पत्र्याच्या सांध्यात काकूंचं पीठ बसलेलं असतं ते सावकाश आमच्यात झडतं. मी शुद्ध ज्वारी निवडून, पाखडून, धुऊन, वाळवून नेत होते आणि गव्हाळ ज्वारी घेऊन येत होते.

आकडे करून बघा, अंगावर काटा येईल. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाशी जुळणारा आहे: ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणायचं तर किलोमागे ग्लुटेन २० मिलिग्रॅमच्या वर नको. २० मिलिग्रॅम म्हणजे गव्हाचं पीठ किती? पाव ग्रॅम. एक किलो ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम गव्हाचं पीठ पडलं की मर्यादा गाठली. पाव ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्याच्या टोकावर बसेल एवढं. आता गिरणीत किलोमागे दहा ग्रॅम आलं असं धरा, तेही मी हात आखडून धरतेय. ते झालं ८०० मिलिग्रॅम ग्लुटेन, मर्यादेच्या चाळीस पट. लेक दिवसाला दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाते, म्हणजे १२० मिलिग्रॅम. रोज. काटासींच्या प्रयोगातल्या ज्या मात्रेने आतडं खराब झालं तिच्या दुपटीहून जास्त. आणि मी वर्षभर लोकांना सांगत होते की आमच्या घरात गव्हाचा दाणा नाही. दाणा खरंच नव्हता.

मग उपवासाचं पीठ का चाललं? याचं उत्तर गिरणीवाल्या काकांनीच दिलं. “ताई, उपवासाचं दळण वेगळं असतं. आषाढीच्या आधी, नवरात्राच्या आधी मशीन उघडतो, दगड झाडतो, कापड बदलतो. राजगिऱ्यात गव्हाची कणी गेली तर लोक मला मारतील.”

ऐकलंत? महाराष्ट्रातल्या कोपऱ्यावरच्या गिरणीला स्पर्शदोषाचं संपूर्ण शास्त्र पाठ आहे. मशीन कसं उघडायचं, कुठे झाडायचं, काय बदलायचं, पहिलं किती पीठ टाकून द्यायचं, सगळं. आपल्या घरांनाही पाठ आहे. सोवळ्यातल्या भांड्याला ओवळ्याचा हात लागला की भांडं बाद. अंड्याच्या आम्लेटाला लागलेला चमचा भाजीत गेला की अख्खी भाजी मोलकरणीला. कांदा चिरलेल्या सुरीने नैवेद्याची केळी कापली तर सुरी, केळी आणि सून, तिघंही धारेवर. चार पिढ्यांपूर्वीच्या विहिरीवर माणसांना माणसांची सावली चालत नव्हती. त्या लाजिरवाण्या गोष्टीसाठी आपण हे शास्त्र इतक्या बारकाईने राबवलं की जगात तोड नाही. ज्या शिवाशिवीने कोणाचं कधीच काही बिघडलं नाही तिच्यासाठी कडेकोट बंदोबस्त. आणि जिथे खरोखरच एका कणाने एका मुलीचं आतडं झिजतं, तिथे हाच समाज खांदे उडवून म्हणतो, “एवढ्याशाने काय होतंय?”

हे वाक्य मी आजवर इतक्यांदा ऐकलंय की त्याचा मला तिटकारा आलाय. सत्यनारायणाला ऐकते: “प्रसादाला नाही म्हणू नये, बोटभर घे, एवढ्याशाने काय होतंय?” प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा. रवा म्हणजे गहू. बोटभर शिऱ्यात काटासींच्या पन्नास मिलिग्रॅमच्या कित्येक पट. वाढदिवसाला ऐकते: “केकचं वरचं क्रीम तरी खाऊ दे.” क्रीमखाली काय असतं? लग्नात ऐकते: “कोशिंबीर घे ना, तीत कुठे गहू?” कोशिंबिरीत हिंगाची फोडणी आणि वाढप्याच्या हातात पुरीचं पीठ. नकार दिला की देवाचा कोप, यजमानाचा रुसवा आणि ‘हल्लीच्या आया’ या विषयावर प्रवचन. माझा प्रश्न सरळ आहे. तुमच्या उपवासाच्या साबुदाण्यात मी चिमूटभर कणीक टाकली आणि म्हटलं, “एवढ्याशाने काय होतंय?”, तर तुम्ही खाल का?

आमच्या सासूबाईंना मात्र एका दिवसात समजलं. मी तासभर प्रथिनं, प्रतिकारयंत्रणा, मिलिग्रॅम सांगत होते. त्या ऐकून म्हणाल्या, “म्हणजे गव्हाचं सोवळं.” त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात लेकीचं फडकं वेगळं, तवा वेगळा, चाळणी वेगळी, तिच्या लोणच्याच्या बरणीत दुसऱ्या कोणाचा चमचा जाणार नाही. तळणीचं तेल आधी तिचं, मग बाकीच्यांचं. बाहेरून कोणी काही आणलं तर त्यांचा पहिला प्रश्न, “कशात तळलंय?” आयुष्यभर पाळलेल्या सोवळ्याचा त्यांनी इतका नेमका उपयोग केला की डॉक्टरांच्या आहारतज्ज्ञांनीही त्यांच्याकडून चार गोष्टी लिहून घेतल्या. घरघंटी आणली ती त्यांच्याच भिशीच्या पैशांतून. तीत गहू कधीच पडलेला नाही. दुकानातून आलेली ज्वारी त्या अजून दाणा दाणा निवडतात, कारण दुकानातलं माप एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात फिरतं आणि ज्वारीत गव्हाचे दाणे निघतातच. अमेरिकेत २०१० साली ट्रिशिया थॉम्पसन यांनी मुळात ग्लुटेन नसलेल्या धान्य-पिठांचे बावीस नमुने तपासले. सातांत किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन निघालं. चकचकीत यंत्रांच्या देशातली ही गत. आपल्या उघड्या पोत्यांबद्दल बोलायलाच नको.

आता खपलीकडे वळते, कारण हा विषय डोक्यात जातो.

खपली हा गहू आहे. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे शतकानुशतकं पिकणारा, चवीला उत्तम, खिरीला तर त्याच्यासारखा दुसरा नाही. माझं माहेर तिकडचं, मी त्याच्यावर वाढले. पण तो गहू आहे! त्यात ग्लुटेन आहे. त्याचं ग्लुटेन जरा कमी चिवट असतं, म्हणून त्याचा पाव तितका फुगत नाही. कमी चिवट म्हणजे नाही असं कोणत्या शाळेत शिकवतात? तरीही प्रत्येक खाद्यमहोत्सवात एक तरी ताठ मानेचे गृहस्थ उभे असतात, मागे फलक: ‘प्राचीन खपली, नैसर्गिक ग्लुटेन-फ्री’. मी विचारते, तपासलंय का? ते विजयी मुद्रेने उत्तर देतात की सीलिॲक हा आजार आधुनिक संकरित गव्हामुळे झाला, आपल्या पूर्वजांना असलं काही नव्हतं.

तर पूर्वजांचंच ऐका. कॅपाडोशियाचा अरेटियस हा ग्रीक वैद्य इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात होऊन गेला. अन्न न पचता जाणारा, माणसाला वाळवून टाकणारा, वर्षानुवर्षं चिकटून राहणारा पोटाचा विकार त्याने वर्णन केला आणि त्याला पोटाच्या ग्रीक शब्दावरून जे नाव दिलं त्यातूनच आजचं ‘सीलिॲक’ आलं. त्या काळात कुठला संकरित गहू होता? कुठली हरितक्रांती? त्या प्रदेशातले लोक हेच जुने गहू खात होते, खपलीचे सख्खे भाऊबंद. तुमच्या प्राचीन धान्याने प्राचीन माणसांची प्राचीन आतडी झिजवली होती, आणि त्याची नोंद सुमारे अठराशे वर्षांपूर्वीची आहे.

हा माणूस पीठ विकून घरी जातो. त्याच्या फलकावर विश्वास ठेवून कोणी आई पोराला खपलीची पोळी घालते. पोराला लगेच काही होत नाही, कारण सीलिॲकमध्ये प्रत्येकाला लगेच काही होतंच असं नाही. आई निश्चिंत होते. वर्षभराने हाडं ठिसूळ, रक्त कमी. फलक तोवर पुढच्या महोत्सवात पोचलेला असतो. याला मी अज्ञान म्हणत नाही. विकणाऱ्याने तपासलं नसेल तर तो खोटं बोलतोय, कारण तपासल्याशिवाय तो शब्द वापरायचा हक्क कोणालाच नाही.

दुसरी जमात फॅशनची. वजन उतरवायला, त्वचा उजळवायला ‘मी ग्लुटेन सोडलंय’ म्हणणारी. सोडा बापडे, माझं काही जात नाही. पण हॉटेलात वेटरला दहा मिनिटं छळून ज्वारीची भाकरी मागवायची आणि शेवटी गरम गुलाबजाम खायचा, मैदा घातलेला, हे बघितलं की तो वेटर पुढच्या टेबलावर माझ्या लेकीचं म्हणणं कशाला मनावर घेईल? त्याने पाहिलंय की ‘ग्लुटेन चालत नाही’ म्हणणाऱ्यांना गुलाबजाम चालतो. म्हणून तो ‘हो हो, शंभर टक्के’ म्हणतो आणि आत आचारी भाकरी फाटू नये म्हणून ज्वारीत मूठभर कणीक मळतो. त्या एका गुलाबजामाची किंमत माझी लेक देते.

आणि कंपन्या? त्यांना कळत नाही असं नाही. २०१५ साली अमेरिकेत जनरल मिल्सने चीरिओजची अठरा लाख खोकी बाजारातून परत बोलावली. कॅलिफोर्नियातल्या लोदीच्या कारखान्यात पीठ हलवताना झालेल्या चुकीने ग्लुटेन-फ्री ओटच्या पिठात गव्हाचं पीठ शिरलं होतं. कृती बरोबर, यादी बरोबर, घटक बरोबर. चूक वाटेत झाली. हेच माझं म्हणणं आहे. ग्लुटेन-फ्री हा पाककृतीचा गुण नाही. तो शेतापासून पोत्यापर्यंत, पोत्यापासून दगडापर्यंत, दगडापासून तव्यापर्यंतच्या सगळ्या वाटेचा गुण आहे. ‘आम्ही गहू घालतच नाही’ हे उत्तर म्हणून देणारा उत्पादक प्रश्नच समजलेला नसतो. कोणी विचारलंय तुम्ही काय घालता? काय पडतं ते सांगा.

सांगणं अशक्य नाही. एलायझा नावाची चाचणी किलोमागे किती मिलिग्रॅम ग्लुटेन आहे ते सांगते. तिलाही मर्यादा आहेत: पोत्यातून चिमूटभर नमुना काढतात, आणि ओटच्या पोत्यात जवाचा दाणा जिथे आहे तिथून चिमूट आली नाही तर पोतं पास. सोया सॉससारख्या आंबवलेल्या पदार्थात प्रथिनाचे तुकडे झालेले असतात, तिथे नेहमीची चाचणी कमी आकडा दाखवते. म्हणून एकदा, उत्पादन सुरू करताना, एका नमुन्यावर केलेली चाचणी भिंतीवर चौकटीत लावून दहा वर्षं मिरवायची नसते. प्रत्येक घाण्याची चाचणी करा आणि पुड्यावर घाण्याचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि आलेला आकडा छापा. हिरव्या अक्षरांना जागा आहे, डोंगराला आहे, सूर्याला आहे, मग एका आकड्याला नाही? आणि ज्यांना हा आकडा छापायचा नसेल त्यांनी पुढची हिरवी अक्षरं खोडावीत. मागची मुंगीची अक्षरं पुढे आणावीत. शाई तेवढीच लागेल.

घरघंटी आल्यावर आणि हिंग बदलल्यावर (तांदळाच्या पिठात मुरवलेला हिंग मिळतो, शोधावा लागतो) आठ महिन्यांनी लेकीचा टीटीजी पहिल्यांदा मर्यादेत आला. त्या वर्षी ती सात सेंटिमीटर वाढली. दाराच्या चौकटीवर सासूबाईंनी पेन्सिलीने रेघ मारली, तारीख घातली.

त्याच आठवड्यात ओळखीच्या एक बाई प्रेमाने स्टीलचा डबा घेऊन आल्या. लाडू होते. “खास हिच्यासाठी केलेत. काळजी करू नकोस, साधा गहू नाही घातला. खपलीचे आहेत.”

सासूबाई आतून आल्या, डबा हातात घेतला, झाकण न उघडता परत त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बसा. चहा टाकते. हा पिशवीत ठेवा आधी, आणि हात धुऊन या.”